आधी आजार, मग संगणक: संगणकीय जीवशास्त्राकडे वळणाऱ्या खानदेशातील विद्यार्थ्यांसाठी

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार येथून बी.एस्सी. झालेले विद्यार्थी संगणकीय जीवशास्त्राबद्दल, म्हणजे जीवशास्त्रातले प्रश्न संगणकाने सोडवण्याच्या शास्त्राबद्दल, विचारतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा पायथन शिकावे की आर (या दोन्ही संगणकाच्या भाषा), हाच असतो. माझे उत्तर ठरलेले आहे: एखादा आजार निवडावा, तो मुळापासून समजून घ्यावा आणि त्यातला प्रश्न सोडवताना जी भाषा लागेल ती शिकावी. उलट क्रमाने गेलेले अनेक जण ऑनलाइन अभ्यासक्रमांची प्रमाणपत्रे जमवतात, मात्र संगणकाने दिलेले उत्तर शरीरात खरोखर संभवते का, हे विचारले की अडखळतात.

खानदेशातल्या विद्यार्थ्याला आजार शोधायला लांब जावे लागत नाही. सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः नंदुरबार जिल्ह्यातील भिल्ल आणि पावरा समाजांत, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1949 मध्ये या आजाराचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे दाखवले आणि पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो दोष एकाच अमिनो आम्लापर्यंत नेऊन भिडवला. हिमोग्लोबिनचा घटक असलेल्या बीटा ग्लोबिनच्या जनुकात जीएजी या डीएनएच्या तीन अक्षरांच्या जागी जीटीजी येते, ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते आणि ऑक्सिजन कमी झाला की तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात. एवढा स्वच्छ उलगडलेला आजार नवशिक्याला दुसरा मिळणे कठीण.

आता हाच बदल प्रत्यक्ष विदेत (डेटात) शोधून पाहावा. संदर्भ-जीनोमच्या, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेल्या मानवी डीएनएच्या नमुना-प्रतीच्या, जीआरसीएच 38 आवृत्तीत तो अकराव्या गुणसूत्रावर 52,27,002 या स्थानी आहे. जुन्या 37 आवृत्तीत तोच 52,48,232 वर सापडतो, त्यामुळे हाताशी असलेली फाइल कोणत्या आवृत्तीची आहे हे आधी तपासावे लागते. फाइल उघडली की पुस्तकात ‘ए’चा ‘टी’ झाल्याचे वाचलेल्या विद्यार्थ्याला तिथे ‘टी’चा ‘ए’ झालेला दिसतो. यात चूक कोणाचीच नसते. हे जनुक डीएनएच्या विरुद्ध धाग्यावर वाचले जाते आणि डीएनएमधील बदलांची यादी असलेली व्हीसीएफ फाइल मात्र नेहमी संदर्भ-धाग्यावरचेच अक्षर लिहिते. त्यातच पुस्तके हा बदल सहाव्या अमिनो आम्लात सांगतात, तर आजची नामपद्धती सुरुवातीचे मेथिओनिन हे अमिनो आम्ल धरून त्याला सातवा क्रमांक देते. या गोष्टी स्वतः उलगडल्या की जनुकाची दिशा, संदर्भ-आवृत्ती आणि नामपद्धती हे तिन्ही विषय पक्के होतात. वर्गात त्यांवर तासन्‌तास घालवूनही ते तितके मुरत नाहीत, असे मला वाटते.

खरे संशोधन याच्या पुढे सुरू होते. दोन रुग्णांत बदल तोच असूनही एकाला वारंवार तीव्र वेदनांचे झटके येतात आणि दुसरा तुलनेने बरा राहतो, याचे एक मोठे कारण म्हणजे गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन, म्हणजेच एचबीएफ, प्रत्येकाच्या रक्तात कमी-जास्त टिकून राहते. हे प्रमाण कशावर ठरते, हे शोधण्यासाठी अनेक व्यक्तींच्या जीनोममधील लाखो स्थानांची सांख्यिकी तुलना करण्यात आली आणि 2007-08 च्या सुमारास बीसीएल11ए हे जनुक पुढे आले. हे जनुक एचबीएफची निर्मिती दाबून ठेवते. पुढे रुग्णाच्याच रक्तमूळपेशी काढून, त्यांतील या जनुकाचा रक्तपेशींपुरता काम करणारा नियंत्रक भाग क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने निकामी करून त्या परत देण्याचा उपचार विकसित झाला, आणि 2023 च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. अमेरिकेतील त्याची जाहीर किंमत 22 लाख डॉलर आहे; नंदुरबार जिल्ह्यातील धडगावच्या रुग्णासाठी एचबीएफ वाढवणारी हायड्रॉक्सियुरियाची गोळी नियमित मिळणे हाच आजचा व्यवहार्य उपाय आहे. या क्षेत्रात येणाऱ्याने ही दोन्ही टोके ध्यानात ठेवावीत.

विदेची निवड हा यापुढचा कस. एक हजार जीनोम प्रकल्प या जगभरातील जीनोमच्या खुल्या संचात 26 लोकसमूहांतील 2,504 व्यक्ती आहेत, परंतु त्यांतले दक्षिण आशियाई नमुने ह्यूस्टनचे गुजराती, ब्रिटनमधील तेलुगू व श्रीलंकन तमिळ, लाहोरचे पंजाबी आणि बांगलादेशातील बंगाली यांचे आहेत. भारताच्या भूमीवर घेतलेला नमुना त्यात नाही, मग भिल्ल किंवा पावरा कुठून असणार? अशा संचात दुर्मीळ ठरलेला बदल सातपुड्यात सर्रास असू शकतो, आणि ‘दुर्मीळ म्हणजे घातक’ अशी चाळणी लावणारा प्रोग्राम तिथे खुशाल चुकीचे उत्तर देईल. भारतीयांच्या जीनोमचा संच तयार करणाऱ्या जीनोमइंडिया प्रकल्पातील 10 हजार भारतीयांची विदा जानेवारी 2025 पासून संशोधकांना उपलब्ध करण्यात आली असून ती फरिदाबादच्या भारतीय जैविक विदा केंद्रात आहे.

साधनांबाबत फार चिंता करू नये. लिनक्सच्या आज्ञा, थोडे आर किंवा पायथन आणि पदवीच्या पातळीची संख्याशास्त्राची जाण यांवर सुरुवात होते. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो आणि रात्रभर चालणारे विश्लेषण पहाटे अर्धवट पडलेले सापडते. म्हणून मोठी कामे गॅलेक्सीसारख्या इंटरनेटवरील मोफत सर्व्हरवर टाकावीत आणि प्रत्येक टप्प्याचा निकाल वेगळा जतन करावा.

पदव्युत्तर अभ्यासक्रम व संशोधनाच्या प्रवेशासाठी गॅट-बी, गेट आणि सीएसआयआर-नेट या परीक्षा आहेत. जेआरएफ ही संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळाल्यास जानेवारी 2023 पासूनच्या दराने दरमहा 37,000 रुपये आणि नियमानुसार घरभाडे मिळते. नोकऱ्या मुख्यतः पुणे, हैदराबाद व बंगळुरू येथे आहेत, तेव्हा घर सोडण्याची तयारी हवी.

तथापि घर सोडण्यापूर्वी एक काम करून जावे. सिकलसेल तपासणीत सहभागी असलेल्या एखाद्या डॉक्टरांची किंवा तंत्रज्ञांची परवानगी काढून, रुग्णांची नावे झाकलेले एचपीएलसीचे, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीचे, अहवाल वाचायला शिकावे: एचबीएसचे (सिकलसेलच्या सदोष हिमोग्लोबिनचे) शिखर कुठे येते, जनुकाची एकच सदोष प्रत असलेल्या वाहकाचा आलेख रुग्णाच्या आलेखापेक्षा कसा वेगळा दिसतो, नुकतेच रक्त चढवलेल्या रुग्णाचा अहवाल कसा फसवतो. पाड्यावर संमती घेताना पावरी किंवा भिली बोलणारा कार्यकर्ता ‘हे रक्त कशासाठी’ हे कसे समजावून सांगतो, तेही शेजारी बसून ऐकावे. पुढे संगणकावर ‘नमुना’ म्हणून जी ओळ दिसते तिच्यात रक्त कधी चढवले, वय किती आणि नाते कोणाशी, हे रकाने का हवेत, हे तिथेच कळते.