हॅमर्ड डल्सिमर: वाजवण्याआधी जुळवायला शिका

हॅमर्ड डल्सिमर संतूरच्याच कुळातलं. समलंब चौकोनी पेटी, वर ताणलेल्या पोलादी तारा, हातात दोन हलक्या लाकडी हातोड्या. नवशिक्यांना १२/११ आकार पुरतो: ट्रेबल (वरच्या स्वरांच्या) घोडीवर, म्हणजे तारा पेलणाऱ्या पट्टीवर, तारांच्या १२ जोड्या, बेस (खालच्या स्वरांच्या) घोडीवर ११, एकूण ४६ तारा. अमेरिकी लोकधुना बहुतांशी डी आणि जी पट्टीत असतात, त्या यात आरामात बसतात. हौसेने १६/१५ घेतलं तर दर वेळी ६२ तारा जुळवाव्या लागतील, एवढं ध्यानात ठेवा.

ट्रेबल घोडी तारेचे २:३ असे भाग करते, त्यामुळे डावीकडचा स्वर उजवीकडच्या स्वराचा पंचम असतो. डी किंवा जीच्या खुणेच्या जोडीपासून उजव्या बाजूला वर चढत सा रे ग म वाजवा, मग घोडी ओलांडून त्याच खुणेच्या जोडीपासून डावीकडे प ध नि सा. पट्टी बदलायची तर फक्त खूण बदलते, हाताची चाल तीच.

खरी मेहनत जुळवण्यात आहे. जोडीतली एक तार बोटाने दाबून दुसरी ट्यूनरवर (स्वर दाखवणाऱ्या यंत्रावर) लावा, मग पहिली कानाने तिच्याशी मिळवा. आवाजातली थरथर थांबली की जोडी जुळली. खुंटी किल्लीने अगदी किंचित फिरवा आणि स्वर खालून वर आणा. तार तुटण्याचं नेहमीचं कारण म्हणजे किल्ली भलत्याच खुंटीवर असणं: ट्यूनरचा काटा हलत नाही म्हणून माणूस पिळत राहतो आणि शेजारची तार तुटते. म्हणून आधी तारेवरून बोट फिरवत खुंटीपर्यंत जा.

एखाद्याच जोडीत उजवी बाजू बरोबर आणि पंचम चुकीचा असेल, तर तार घोडीवर अडकली आहे. घोडीजवळ हलकेच दाबा. सगळ्याच जोड्यांत पंचम चढा असेल तर घोडी डावीकडे सरकली आहे. ती केसभर उजवीकडे घ्यावी लागेल, पण हे काम पहिल्यांदा जाणकारासमोरच करा. हवा दमट झाली की लाकूड फुगतं आणि स्वर चढतात, त्यामुळे वाद्य नेलं की जागेवर थोडा वेळ ठेवून मगच जुळवा.

हातोडी तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये, अंगठा वरून नुसता टेकलेला. मूठ आवळली की हातोडी उसळत नाही आणि स्वर बसका येतो. हात आलटूनपालटून चालवा. डावा हात मागे पडणारच, त्यामुळे संथ लयीत प्रत्येक धून डाव्यानेही सुरू करून पाहा.

शिकवायचं असेल तर निदान वीसेक धुना पाठ हव्यात, त्याही कोणत्या हाताने काय वाजतं हे सांगता येईल इतक्या. धून बहुधा आठ-आठ मात्राखंडांच्या दोन भागांची, प्रत्येक भाग दोनदा. एका तासाला एकच भाग घ्या, आधी तोंडाने म्हणवून घ्या. आणि गटाचा वर्ग असेल तर जुळवणी वर्गाच्या वेळेआधी उरका. सहा वाद्यं एकदम जुळवायला बसली की कुणालाच आपली तार ऐकू येत नाही.