समुद्रकाठी मासळी खायला जायचंय? दिवस असा आखा

सुट्टी बघून तारीख ठरवली जाते आणि मग किनाऱ्यावर पोचल्यावर दिसतं की पाणी पार आत गेलंय, होड्या कधीच्या रिकाम्या झाल्यात आणि ताटात येणार ती फ्रीजरमधली मासळी. हे टाळायचं असेल तर सुरुवात भरती-ओहोटीच्या वेळापत्रकापासून करा.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. गेल्या रविवारची वेळ या रविवारी उपयोगाची नाही. छोट्या बंदरांत पुरेसं पाणी चढल्याशिवाय होड्या आत येऊ शकत नाहीत, तेव्हा सकाळी भरती असलेला दिवस मिळाला तर उत्तम. मासळीच्या विणीच्या हंगामात अनेक ठिकाणी मासेमारी बंद असते, तेही आधीच बघून घ्या.

मग जिथे जेवायचं तिथे आदल्या दिवशी फोन करा. "काय मिळतं?" असं विचारलंत तर अख्खं मेनूकार्ड वाचून दाखवतील. त्याऐवजी "उद्या सकाळी ताजं काय येईल?" असं विचारा. मोठे ट्रॉलर बर्फ भरून कित्येक दिवस समुद्रात राहतात. त्यांचा माल वाईट असतो असं नाही, पण आजचा म्हणावा असा माल बहुधा छोट्या होड्यांचाच.

पहाटे निघा आणि आधी बंदरावर जा. विकत काही घ्यायचं नसलं तरी टोपल्या नीट बघा, म्हणजे दुपारी काय मागवायचं ते आपोआप ठरतं. ताज्या माशाचे डोळे फुगीर आणि पारदर्शक असतात, शिळ्याचे आत गेलेले, धुरकट. कल्ला उचलून बघा: लालभडक हवा, तपकिरी नको. बोटाने दाबलं की मांस लगेच वर यायला हवं. वास समुद्राचा यावा. उग्र, नाकात जाणारा वास आला की पुढे चला. शिंपल्याचं तोंड उघडं असेल तर टिचकी मारा, जिवंत असेल तर ते मिटतं. खेकडा आकाराच्या मानाने जड लागला तर आत भरलेला समजा.

बांगडा आणि ट्यूना यांच्या बाबतीत मात्र जास्तच काटेकोर राहा. हे मासे उन्हात पडून राहिले तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर चेहरा लाल होतो, डोकं दुखतं, अंगावर पुरळ उठतं. कच्ची कालवं गर्भवतींनी, यकृताचा आजार असलेल्यांनी आणि लहान मुलांनी टाळावीत. कुणाला कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असेल तर ऑर्डर देतानाच सांगा, कारण बऱ्याच ठिकाणी सगळं एकाच तेलात तळतात.

जेवायला गर्दीच्या आधी बसा. सगळं एकदम मागवू नका. एक मासा तळलेला किंवा भाजलेला, कमीत कमी मसाल्यात. तो आवडला की मग रस्सा. ताज्या मासळीची चव साध्या तळणीतच कळते, असं माझं ठाम मत आहे.

पोहायचं असेल तर जेवणाआधी. खडकांवर फिरायचं असेल तर ओहोटी असताना, आणि पाणी चढू लागलं की परत फिरा. भरती सुरुवातीला रेंगाळते, पण तिसऱ्या-चौथ्या तासात एकूण चढावापैकी जवळपास निम्मा चढाव होतो.

घरी मासळी न्यायची तर शेवटी घ्या आणि तिथेच साफ करून घ्या. डब्यात खाली बर्फ, मध्ये पिशवीत बांधलेली मासळी, वर पुन्हा बर्फ. वितळलेलं पाणी वाटेत काढून टाका, त्यात मासळी लिबलिबीत होते. पोचलात की लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा.