पहिला फोन करण्याआधी : आपत्तीग्रस्त धर्मग्रामाशी जोडी जुळवताना

भूकंप, पूर किंवा वादळानंतर दुसऱ्या धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चभोवतीच्या कॅथलिक समुदायाच्या, पाठीशी उभं राहायचं ठरलं, की पहिल्या रविवारी मिस्सेत (चर्चमधल्या सामुदायिक उपासनेत) वर्गणी गोळा होते आणि दुसऱ्या रविवारपर्यंत रक्कम रवाना होते. ती जाऊ द्या, तिची तिथे गरजच असते. पण दोन धर्मग्रामांची जोडी जुळवणं हे बरंच लांब पल्ल्याचं काम आहे, आणि त्याची तयारी शब्द देण्याआधी झालेली बरी.

सगळ्यात आधी आपल्याच माणसांना एकत्र बसवून विचारा, की आपण किती वर्षं टिकणार? पहिल्या महिन्यात मदतीची रीघ लागते. वर्षभरानंतर मात्र लोक अजून तात्पुरत्या निवाऱ्यात असतात आणि बातम्या थांबलेल्या असतात. माझ्या मते तीन वर्षांहून कमी मुदतीची जोडी जुळवूच नये. जे ठरेल ते कागदावर उतरवा आणि पाच-सहा जणांची समिती नेमा. सगळी ओळख एकट्या फादरांच्या फोनमध्ये राहिली, तर त्यांची बदली झाली की संबंधही तिथेच संपतो. पलीकडेही तेच होऊ शकतं. म्हणून तिथल्याही दोन-तीन सामान्य धर्मग्रामस्थांची नावं हाताशी ठेवा.

मग आपल्या बिशपांना कळवा आणि त्यांच्यामार्फत तिथल्या धर्मप्रांताशी, म्हणजे तिथल्या बिशपांच्या अखत्यारीतल्या विभागाशी, बोला. ही औपचारिकता वाटते, पण तिच्यामागे मोठं कारण आहे. रस्त्यालगतच्या, नावाजलेल्या चर्चला पाच सोबती मिळतात आणि डोंगरापलीकडच्या छोट्या चॅपलचं नावही कुणाला ठाऊक नसतं. कोण मागे राहिलं आहे हे धर्मप्रांताच्या कार्यालयाला आणि तिथल्या कॅरितासला (कॅथलिक चर्चच्या मदतसंस्थेला) माहीत असतं. पैसा देशाबाहेर जाणार असेल, तर दोन्ही देशांचे कायदे इथेच तपासून घ्या.

हैतीचं उदाहरण मला वारंवार आठवतं. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपात पोर्ट-ओ-प्रिन्सचं कॅथेड्रल कोसळलं आणि आर्चबिशप जोसेफ सर्ज मिओ मृत्युमुखी पडले. तिथल्या अनेक धर्मग्रामांची अमेरिकेतल्या धर्मग्रामांशी जोडी भूकंपाच्या कितीतरी आधीपासून होती. त्यांना ओळख करून घेण्यापासून सुरुवात करावी लागली नाही. पुढे चर्चच्या इमारती उभारण्यासाठी दोन्ही देशांच्या बिशपांनी मिळून ‘प्रोश’ ही यंत्रणा उभी केली. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ ‘जवळचा’. इमारतीसाठी मदत करणार असाल, तर यातून एक गोष्ट जरूर घ्या : भूकंपाला टिकेल असा आराखडा अभियंत्याने तपासल्याशिवाय एकही वीट रचली जाऊ नये.

पहिला फोन ऐकण्यासाठी करा. ‘तुम्हाला काय पाठवू?’ असं विचारलं, तर संकोचापोटी समोरचा माणूस ‘जे जमेल ते’ म्हणतो. त्याऐवजी विचारा : मिस्सा कुठे होते? पाणी कुठून आणता? म्हाताऱ्या माणसांची सोय कोण बघतं? फादर स्वतः कुठे झोपतात? मदतकार्यात माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी हे मान्य प्रमाण आहे. ते डोक्यात असलं, तर ‘पाणी मिळतं’ या उत्तराचा अर्थ नीट लावता येतो. आणि तिथून ‘हे नको’ असं आलं, तर ते ऐकायचं, मग आपल्याकडे कितीही उत्साह असो.

वस्तूंचं थोडक्यात सांगतो. मागितल्याशिवाय कपडे नकोत आणि औषधं तर नकोतच. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचे प्रांतात आलेल्या औषधांपैकी पुष्कळशी निरुपयोगी निघाली. ती वेगळी काढण्यात आणि नष्ट करण्यात तिथल्याच लोकांचे कष्ट गेले.

पैशांबाबत मात्र जरा थांबा. ख्रिस्तसभेच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या, कायद्याचा १२६७ वा नियम सांगतो, की ज्या हेतूने दान दिलं त्याच हेतूसाठी ते वापरावं. म्हणून आवाहनाची वाक्यं विचार करून लिहा. ‘शाळेच्या छपरासाठी’ म्हणून पैसे गोळा केले आणि छप्पर सरकारने घातलं, तर तिथले फादर अडचणीत येतात. ‘धर्मग्रामाच्या पुनर्वसनासाठी, तिथल्या समितीच्या निर्णयानुसार’ असं लिहिलं, तर त्यांचे हात मोकळे राहतात. ५३७ व्या नियमानुसार प्रत्येक धर्मग्रामाला अर्थसमिती असावीच लागते. हिशेब दोन्ही अर्थसमित्यांनी पाहावा, आणि वर्षातून दोनदा तो चर्चच्या फलकावर लागावा. यात अविश्वास कुठेच नाही. संत पौलाने यरुशलेममधल्या गरिबांसाठी वर्गणी जमवली, तेव्हा दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी थोडं थोडं बाजूला ठेवा असं करिंथकरांना (करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना) सांगितलं आणि रक्कम पोहोचवायला त्यांनीच पसंत केलेली माणसं पाठवायचं ठरवलं. या देणगीच्या बाबतीत कुणी बोट दाखवू नये याची काळजी घेतो, असंही त्याने त्यांना पाठवलेल्या दुसऱ्या पत्रात लिहिलं. दर आठवड्याची ती पद्धत आजही उपयोगी आहे. एकदाच जमवलेल्या मोठ्या रकमेपेक्षा महिन्याला न चुकता येणाऱ्या छोट्या रकमेवर तिथल्या समितीला पुढचा बेत आखता येतो.

तिथल्या फादरांचा स्वतंत्र विचार करा. चर्च पडलं की दानही आटतं आणि त्यांच्या रोजच्या खर्चाची चौकशी कुणी करत नाही. आपल्याकडे आलेले मिस्सांचे हेतू, म्हणजे कुणासाठी तरी मिस्सा करण्याच्या लोकांच्या विनंत्या, त्यांच्याकडे सोपवता येतात. मात्र त्यासाठी मिळालेलं दान पूर्णच्या पूर्ण पाठवावं लागतं आणि दोन्हीकडे नोंद ठेवावी लागते. शिवाय रोज अंत्यविधी करणाऱ्या माणसाला आठवडाभर विश्रांती हवी असते. तिथल्या बिशपांची परवानगी घेऊन आपले फादर तेवढे दिवस त्यांच्या जागी जाऊ शकतील का, हे विचारून ठेवा.

आता एक गोष्ट, जी यादीत बहुधा नसते आणि मला फार महत्त्वाची वाटते : धर्मग्रामाच्या नोंदवह्या. बाप्तिस्मा, विवाह, मृत्यू यांच्या नोंदी. घर आणि कागदपत्रं दोन्ही गेलेल्या माणसाकडे आपण कोण हे दाखवायला कधी कधी बाप्तिस्म्याचा दाखलाच उरतो. पुरात भिजलेल्या वह्या उन्हात वाळवू नका आणि चिकटलेली पानं ओढून सोडवू नका. दोन दिवसांत बुरशी धरू लागते, म्हणून ४८ तासांच्या आत त्या गोठवून ठेवता आल्या तर तज्ज्ञांना पुढे काम करता येतं. हे वाचवण्याचं ज्ञान, स्कॅनर आणि टंकलेखन करणारी तरुण मुलं आपण देऊ शकतो. नोंदी खाजगी असतात, तेव्हा प्रती कुणाकडे राहतील हे तिथले फादरच ठरवतील.

भेटीला जायची घाई नको. वर्षभरानंतर, त्यांनी बोलावल्यावर, चार-पाच जणांनी जावं आणि राहण्या-जेवण्याचा भार त्यांच्यावर टाकू नये. मुलांसोबत वावरणाऱ्या प्रत्येकाने धर्मप्रांताची बालसुरक्षा नियमावली वाचून सही केलेली असावी. उद्ध्वस्त घरांसमोर उभं राहून फोटो काढू नयेत. त्यानंतर त्यांच्यापैकी काहींना आपल्याकडे बोलवा आणि प्रवासखर्चाची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात करा. ते आले की मिस्सेत त्यांना बोलू द्या, आपल्यासाठी प्रार्थना करू द्या. हे राहून गेलं, तर जोडीत एक धर्मग्राम कायम देणारा आणि दुसरा कायम घेणारा होऊन बसतो.

शेवटचं काम ऑक्टोबर संपण्याआधीचं. तिथून मृतांची नावं मागवून घ्या, त्यांच्या घरच्यांच्या संमतीने. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आपल्या चर्चमध्ये ती एकेक करून वाचायची आहेत. भाषा वेगळी असेल, तर उच्चार चुकतात. म्हणून तिथल्या एखाद्या माणसाला फोनवर ती नावं सावकाश म्हणायला सांगा, आणि जो वाचणार आहे त्याने ती त्याच्यामागून म्हणून पाहावीत.