लिनक्स कर्नलच्या नेटवर्किंगमधला मेमरी-बग हाती घेण्यापूर्वी

सगळ्यात आधी बग हुकमी पुन्हा घडवता यायला हवा. त्यासाठी क्यूएमू या एम्युलेटरमध्ये वेगळं व्हर्च्युअल मशीन उभं करा; रोजच्या लॅपटॉपवर हे प्रयोग नकोत. लिनक्स कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, बिल्ड करताना कासान (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं साधन), लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारं) आणि डीबग इन्फो (कोडच्या ओळींची माहिती) चालू ठेवा. कासान आपल्या नोंदींसाठी मेमरीचा आठवा हिस्सा घेतं, म्हणून रॅम सढळ हाताने द्या. सीपीयू किमान दोन, नाहीतर कित्येक रेस, म्हणजे दोन कामं एकाच वेळी चालल्याने होणारे घोळ, दिसतच नाहीत. सिरियल कन्सोलवर येणारे कर्नलचे संदेश फाइलमध्ये उतरू द्या.

कासानचा रिपोर्ट आला की त्यातले तिन्ही स्टॅक ट्रेस (फंक्शन कुठून कुठे बोलावली गेली त्याच्या याद्या) ओळ-क्रमांकांसकट उलगडून घ्या. मेमरी कुठे घेतली, कुठे सोडली आणि सोडल्यावर कुणी वापरली, हे त्यात असतं. नजर खिळते ती वापरणाऱ्यावर, पण चूक बरेचदा सोडणाऱ्याची असते. २०१७ साली सिझकॉलर या फझरमुळे (कर्नलवर आडवेतिडवे इनपुट मारून बग शोधणारं साधन) डीसीसीपी या नेटवर्क प्रोटोकॉलमधला डबल-फ्री, म्हणजे एकच मेमरी दोनदा सोडण्याची चूक, सापडला, तो अशाच जातीचा. कनेक्शनची विनंती घेऊन आलेलं पॅकेट पुढे लागेल म्हणून आयपीव्ही६चा कोड ते राखून ठेवायचा आणि त्याचा रेफरन्स काउंट (ते किती जण वापरताहेत तो आकडा) एकने वाढवायचा. हे सॉकेटवर (प्रोग्रामचं नेटवर्कशी जोडणारं टोक) ठरावीक पर्याय लावलेला असेल तरच व्हायचं. त्या कोडला बोलावणारं वरचं फंक्शन मात्र काउंटकडे न बघता पॅकेट सरळ मोकळं करून टाकायचं. दुरुस्ती इवलीशी होती: मोकळं करायचं नाही, आपल्या वाट्याचा एक रेफरन्स तेवढा सोडायचा. ती चूक कर्नलमध्ये २००५ पासून होती! म्हणून कोडला हात लावण्याआधी कागद घ्या आणि प्रत्येक वाटेवर रेफरन्स कोण घेतो, कोण परत करतो, ते लिहा. एरर झाल्यावर बाहेर पडायच्या वाटासुद्धा. मला हीच पायरी सगळ्यांत मोलाची वाटते. इथे घाई करू नका.

त्याच कागदावर टायमर आणि आरसीयूचे (लॉक न घेता डेटा वाचू देणारी कर्नलची पद्धत) वाचक मांडा. पीएसकेबी_मे_पुल (pskb_may_pull) हे फंक्शन बोलावल्यावर पॅकेटचा डेटा दुसरीकडे हलू शकतो, तेव्हा आधी घेतलेले हेडरचे पॉइंटर नव्याने घेतलेत ना, तेही बघा.

जादा रेफरन्स घेऊन क्रॅश थांबवायचा मोह होतो. क्रॅश थांबतो, पण मेमरी गळायला लागते. म्हणून दुरुस्तीनंतर केमेमलीक (गळणारी मेमरी शोधणारं साधन) चालवा आणि रिप्रोड्यूसर, म्हणजे बग पुन्हा घडवणारा प्रोग्राम, रात्रभर फिरता ठेवा.

बग बाहेर कुणाला माहीत नसेल आणि त्याचा गैरवापर होण्याजोगा असेल, तर आधी कर्नलच्या सुरक्षा चमूला खासगीत कळवा. एरवी पॅच (दुरुस्तीचा बदल) 'नेट' ट्रीसाठी, म्हणजे नेटवर्किंगच्या दुरुस्त्या जिथे जमतात त्या कोड-शाखेसाठी, पाठवा. चूक कोणत्या कमिटने (कोडमधला नोंदवलेला बदल) आणली ते शोधून पॅचच्या 'फिक्सेस' ओळीत त्याच्या हॅशची (ओळख-क्रमांकाची) पहिली १२ अक्षरं द्या. पॅचची सुधारलेली आवृत्ती पाठवण्याआधी किमान २४ तास जाऊ द्या, आणि तेवढा वेळ रिप्रोड्यूसर बंद करू नका.