‘प्रार्थना चालू आहे’ म्हणत केलेली चालढकल: या चुका टाळा

वडील गेल्यावर गावाकडच्या शेताची वारस नोंद करायची होती. मृत्यूचा दाखला होता, प्रतिज्ञापत्रही करून ठेवलं होतं. तलाठी कार्यालयात जाऊन अर्ज द्यायचा, एवढंच बाकी. दीड वर्ष मी गेले नाही. बुधवारच्या प्रार्थनासभेत मात्र हा विषय नेमाने देत राहिले. बहिणी प्रार्थना करायच्या, मी आमेन म्हणायचे, आणि घरी परतताना काम थोडं पुढे सरकल्यासारखं हलकं वाटायचं. एके दिवशी एका वयस्कर काकूंनी सरळ विचारलं, “अगं, अर्ज दिलास का?”

त्या प्रश्नानंतर मी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वेगळ्या नजरेने वाचू लागले. आळसाबद्दल त्यात काय आहे हे लहानपणापासून पाठ होतं. पण आपल्यासारख्या चर्चमध्ये वाढलेल्यांची चालढकल आळसासारखी दिसतच नाही. ती भक्तीसारखी दिसते, म्हणून लवकर सापडत नाही. माझ्या आणि आमच्या महिला मंडळाच्या अनुभवातून ज्या चुका दिसल्या, त्या इथे लिहिते.

टाळाटाळीला ‘प्रभूची वाट पाहणे’ म्हणणे

सगळ्यांत खोल रुतलेली चूक ही. वाट पाहणं शास्त्राला मान्यच आहे, त्यामुळे कुणी हटकत नाही. मग खरं थांबणं ओळखायचं कसं? मला नहेम्याचा मोठा उपयोग झाला. हा परक्या देशात पारसाच्या राजाच्या चाकरीत असलेला यहूदी. यरुशलेमेचा तट पडला आहे ही बातमी त्याला यहूदी पंचांगातल्या किसलेव महिन्यात कळली आणि राजापुढे विषय निघाला तो निसान महिन्यात. मधले साधारण चार महिने तो थांबला, उपास केला, प्रार्थना केली. पण राजाने “तुला काय हवं?” असं विचारताच त्याने मनात एक प्रार्थना केली आणि लगेच मागणी मांडली: किती दिवस लागतील, कोणत्या अधिकाऱ्यांना पत्रं हवीत, लाकडासाठी राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याला पत्र हवं. म्हणजे त्या चार महिन्यांत तयारी चालू होती. पुढे तट ५२ दिवसांत उभा राहिला.

तेव्हा एक साधी कसोटी लावून पाहा. आत्ता दार उघडलं आणि कुणी विचारलं, “बोल, काय हवं?” तर तुमच्याकडे आसाफचं नाव आहे का? माझ्याकडे तलाठी कार्यालय कोणत्या दिवशी उघडं असतं एवढीसुद्धा माहिती नव्हती.

याच्या उलट चित्र हाग्गय संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात आहे. बाबेलच्या बंदिवासातून परतलेले यहूदी लोक म्हणत होते, परमेश्वराचं मंदिर बांधायची वेळ अजून आली नाही. शब्द किती धार्मिक! पण त्यांची स्वतःची घरं मात्र तक्तपोशीची, म्हणजे लाकडी फळ्यांनी मढवलेली, झाली होती. इ.स.पूर्व ५२० मध्ये, सहाव्या महिन्याच्या १ तारखेला हाग्गयाने त्यांना तुमची चाल कशी आहे याचा विचार करा म्हटलं, आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेला काम सुरू झालं. मला या २३ दिवसांचा फार आधार वाटतो. वर्षानुवर्षांची टाळाटाळ मोडायला तीन आठवडे पुरले.

मुंगीच्या वचनाने स्वतःला झोडपणे

काम टाळलं की आपण नीतिसूत्रांचा ६वा अध्याय उघडतो, ‘अरे आळशा, मुंगीकडे जा’ हे वचन वाचतो आणि स्वतःला आळशी म्हणून मोकळे होतो. वचन खरंच आहे, पण निदान चुकलं तर औषधही चुकतं. मत्तयाच्या २५व्या अध्यायातल्या दाखल्यात धनी तीन चाकरांकडे पैसे सोपवून जातो, आणि तिसरा ते जमिनीत पुरून ठेवतो. त्याला धनी आळशी म्हणतो हे खरं. पण तो चाकर स्वतः काय सांगतो ते वाचा: मी भ्यालो. त्याच्या हातात एक तालांत होता, म्हणजे मजुराची सुमारे वीस वर्षांची कमाई. एवढी रक्कम बुडाली तर काय, ही भीती समजण्यासारखी आहे. आणि खड्डा खणायलाही कष्ट पडतातच की. आपणही काम टाळताना रिकामे कुठे बसतो? कपाट आवरतो, गीतांची वही नव्याने उतरवतो, नाताळच्या कार्यक्रमाची यादी दोनदा करतो. मी असे बरेच खड्डे खणले आहेत.

म्हणून स्वतःला शिव्या देण्याआधी विचारा: मी कशाला भिते? मला त्या कार्यालयात ‘कागद अपुरे आहेत’ असं ऐकण्याची भीती होती, आणि वडील आता नाहीत हे अर्जावर स्वतःच्या हाताने लिहिण्याची. हे प्रार्थनेत नाव घेऊन सांगितलं त्या दिवशी पहिल्यांदा मोकळं रडू आलं. त्या धन्याला चाकराने कठोर मानलं होतं. आपला पिता तसा नाही, हे मनात उतरल्याशिवाय मुंगी काही शिकवू शकत नाही.

सवड आणि हवामान पाहत बसणे

प्रेषितांची कृत्ये, २४वा अध्याय. कैदेत असलेल्या प्रेषित पौलाचं बोलणं ऐकून रोमी सुभेदार फेलिक्स घाबरला आणि म्हणाला, आता जा, सवड मिळाली म्हणजे बोलावीन. पुढे दोन वर्षं तो पौलाला पुन्हा पुन्हा बोलवत, बोलत राहिला. बोलणं झालं, निर्णय झाला नाही. फेलिक्सची बदली झाली तेव्हा पौल तुरुंगातच होता. उपदेशकाच्या ११व्या अध्यायातला शेतकरीही असाच, वारा पाहत बसतो आणि पेरणी राहून जाते.

सलोख्याच्या बाबतीत हे सगळ्यांत महाग पडतं. वेदीपाशी अर्पण आणलं असताना भावाचं मन दुखावल्याचं आठवलं तर अर्पण तिथेच ठेवून आधी जाऊन समेट कर, असं येशूने सांगितलं आहे. प्रभुभोजनाच्या रविवारी कुणी आठवलं, तर उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारातूनच फोन लावा. घरी जाऊन जेवून मग करू म्हटलं की राहतं.

वॉचनाइटची मोठी शपथ

३१ डिसेंबरच्या रात्री गुडघ्यावर येऊन आपण सगळंच कबूल करतो: पहाटे पाचला शांतसमय, वर्षात अख्खं शास्त्र, सगळी राहिलेली कामं. तिसऱ्याच, नियमांनी भरलेल्या लेवीयाच्या पुस्तकापाशी वाचन थांबतं आणि त्याबरोबर बाकी सगळंच सुटतं. छोटं ठरवा, आणि कुणाला तरी सांगून ठेवा. मी काकूंना सांगितलं, “गुरुवारी अकराच्या आत तुम्हाला तलाठी कार्यालयातून फोन करते.”

कंटाळा आला म्हणजे देवाची इच्छा नाही, असे मानणे

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातला साधू एवाग्रियस याने हा अनुभव लिहून ठेवला आहे: दुपारी सूर्य हलतच नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो, आणि साधू खिडकीतून पाहत राहतो, कुणी भाऊ भेटायला येतोय का. आपली खिडकी खिशात असते. कंटाळा हा देवाचा नकार नव्हे. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून अर्धा तास तिथेच बसा.

थकव्यालाही पाप समजणे

एलीया संदेष्टा जिवाच्या भीतीने पळून थकला आणि झुडपाखाली मरण मागत झोपला, तेव्हा देवदूताने त्याला एक शब्दही रागावून म्हटला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई दिली. तो पुन्हा झोपला, तर झोपू दिलं, आणि पुन्हा खाऊ घातलं. देवाच्या डोंगराची, होरेबची वाट त्यानंतर. झोप उडाली असेल, आवडीची कामंही नकोशी झाली असतील आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर पाळकसाहेबांशी बोला आणि डॉक्टरकडेही जा. हे वाचणाऱ्या माझ्या बहिणींना हात जोडून सांगते, यात विश्वास कमी पडला असं काही नाही.

गुरुवारी मी गेले. एक कागद खरंच अपुरा निघाला. कार्यालयाच्या पायरीवरून काकूंना फोन केला, त्या म्हणाल्या, “मग सोमवारी परत जा, मी येते बरोबर.”