जुन्या फर्निचरची, कपड्यांची आणि चर्चमधल्या वस्तूंची नोंद कशी लिहावी

जुन्या वाड्याची किंवा चर्चच्या साक्रिस्तीची (उपासनेची वस्त्रं आणि भांडी ठेवायच्या खोलीची) यादी बहुधा अशी असते: ‘लाकडी कपाट १, जुना झगा २, चांदीचा पेला १.’ उद्या त्यातला पेला चोरीला गेला, तर या नोंदीवरून पोलिसांना काहीच शोधता येणार नाही. याच अडचणीसाठी १९९७ साली ‘ऑब्जेक्ट आयडी’ नावाचा आंतरराष्ट्रीय नमुना तयार झाला. फोटोसोबत वस्तूचा प्रकार, द्रव्य, मापं, खुणा, मजकूर, तिला इतरांपासून वेगळी करणारी एखादी गोष्ट, शीर्षक, विषय, काळ आणि कर्ता एवढंच तो विचारतो. घरच्या किंवा पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीतल्या ख्रिस्ती समाजाच्या) यादीला तेवढं पुरतं, मात्र शब्द नेमके हवेत.

आधी परवानगी, फोटो आणि क्रमांक

वस्तू हलवण्याआधी ती जिथे आहे तिथेच तिचा फोटो काढा. क्रमांक कागदी चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून सुती दोऱ्याने बांधा. स्टिकर आणि चिकटपट्टी वस्तूला लावू नका, कारण डिंकाचा डाग चांदीवर आणि रेशमावर कायमचा राहू शकतो. चांदी घासून चकचकीतही करू नका. प्रत्येक घासण्यात कोरीवकाम थोडं झिजतं आणि पुसट शिक्के नाहीसे होतात.

चर्चमध्ये फादरांना विचारल्याशिवाय काहीही उघडू नका. साक्रार, म्हणजे वेदीवरची किंवा वेदीजवळची कुलूपबंद पेटी, आशीर्वादित भाकरी आत असेल तर उघडायचीच नाही. तिची नोंद बाहेरून होते.

नाव: आधी जात, मग पोटजात

रॉबर्ट चेनहॉल यांनी १९७८ साली संग्रहालयांसाठी वस्तूंच्या नावांची पद्धत बांधली. तिचा गाभा सोपा आहे: वस्तू कशासाठी बनवली ते पाहून नाव द्यायचं आणि सामान्य शब्द आधी लिहायचा. ‘पेटी, दागिन्यांची’, ‘पेटी, धान्याची’, ‘प्याला, मिस्सेचा’ (मिस्सा म्हणजे कॅथलिक चर्चची मुख्य उपासना). असं लिहिलं की यादीत सगळ्या पेट्या एका जागी येतात. मोठ्या संग्रहासाठी गेटी संस्थेचा कला आणि वास्तुकलेचा शब्दकोश इंटरनेटवर मोफत मिळतो. त्यात प्रत्येक संकल्पनेला क्रमांक असतो. तो क्रमांक नोंदीत टाकला तर तुम्ही मराठीत लिहा की कोकणीत, वस्तू तीच राहते.

घरातले लोक वस्तूला काय म्हणतात त्यासाठी मात्र वेगळा रकाना ठेवा आणि तो शब्द ऐकला तसाच लिहा. आजीने ‘फडताळ’ म्हटलं तर तिथे ‘कपाट’ लिहू नका. माझ्या मते सबंध नोंदीतला हा सर्वांत मोलाचा रकाना आहे. लांबीरुंदी पन्नास वर्षांनीही मोजता येईल, पण हा शब्द सांगणारं माणूस तेव्हा नसेल.

फर्निचर: वरून खाली, बाहेरून आत

क्रम एकदा ठरवा आणि मोडू नका: एकूण घडण, वरचा भाग, दर्शनी बाजू, कडा, पाय, मग आतली बाजू आणि पाठ. पाठ बघणं टाळू नका. दुरुस्त्या, करवतीच्या खुणा, जुने खिळे आणि बदललेल्या फळ्या तिथेच सापडतात.

गोव्यातल्या ‘कॉन्तादोर’चं उदाहरण घ्या. पोर्तुगीज काळातलं हे कपाट म्हणजे बारीक खणांचा चौकोनी डबा आणि त्याखाली पायांचा घोडा. हे दोन भाग आहेत, म्हणून दोघांची मापं वेगळी लिहा. पुष्कळदा ते एका काळातलेही नसतात. समोरून दिसणारे खण आणि खरोखर उघडणारे खण वेगळे मोजा, कारण दोन-तीन खोट्या दर्शनी चौकटींमागे एकच लांब खण असू शकतो. सागावर काळ्या लाकडाची नक्षी असेल तर ती खाच पाडून बसवली आहे की पातळ पापुद्रा वरून चिकटवला आहे, हे कडेला तिरपा उजेड टाकून पाहा. पायांवर नागिणी कोरल्या असतील तर ‘सुंदर कोरीवकाम’ लिहून थांबू नका; ‘कमरेपर्यंत स्त्री, खाली शेपटीचा वेटोळा’ असं लिहा. लाकडाची खात्री नसेल तर ‘काळं, जड लाकूड’ म्हणा. आबनूस की शिसवी हे जाणकार नंतर ठरवतील.

कपडे: अंगाचा भाग, कापड, मग शिवण

संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या वेशभूषा समितीने १९८२ साली शब्दसूची काढली. कपडा शरीराचा कोणता भाग झाकतो, यावरून ती त्याला जागा देते: कमरेच्या वर, कमरेच्या खाली, की दोन्हीकडे. आपल्याकडे ही रीत छान चालते. बाराबंदी वर, धोतर खाली, अंगरखा दोन्हीकडे. गोव्यातल्या पानो बाजूच्या जोडीत मात्र पानो खालचा आणि बाजू वरची, म्हणून एका क्रमांकाखाली अ आणि आ अशा दोन नोंदी करा.

डावं-उजवं नेहमी घालणाऱ्याचं लिहा, बघणाऱ्याचं नाही. हे पहिल्याच पानावर नमूद करून ठेवा. जाम्याचे, म्हणजे लांब घेरदार अंगरख्याचे, बंद कोणत्या काखेखाली बांधले आहेत यावरून मुघलकालीन चित्रांतला माणूस हिंदू की मुसलमान हे अभ्यासक ओळखतात. बाजूची अदलाबदल झाली तर सगळाच अर्थ फिरतो.

सर्वाधिक गोंधळ कापडाच्या शब्दांत होतो. रेशीम हा तंतू, साटीन ही वीण आणि कशिदा हे वरचं काम. मखमल रेशमाची असते तशी सुताचीही असते. म्हणून तीन प्रश्न वेगळे विचारा: धागा कशाचा, विणलंय कसं, वर काय केलंय? जरीचं काम असेल तर ते विणतानाच आलं आहे की मागून टाचलं आहे, हे उलट बाजूने पाहा.

पुरोहितांच्या वस्त्रांनाही हेच नियम. मिस्सेच्या वेळी सर्वांत वर घालायचं बिनबाह्यांचं वस्त्र म्हणजे चॅझुबल. बाह्या असलेलं, डीकनचं (पुरोहिताच्या खालच्या पायरीवरच्या धर्मसेवकाचं), ते डाल्मॅटिक. पुढून उघडा आणि छातीवर आकड्याने अडकवायचा झगा म्हणजे कोप. तो मिरवणुकीत आणि आशीर्वादाच्या वेळी वापरतात. गळ्यातली लांब पट्टी स्टोल आणि डाव्या हातावर घ्यायची आखूड पट्टी मॅनिपल. १९६७ नंतर मॅनिपलची सक्ती उरली नाही, त्यामुळे संचात ते असेल तर संच जुना असण्याची शक्यता वाढते. रंगही लिहा, कारण पांढरा, तांबडा, हिरवा, जांभळा किंवा काळा रंग उपासनेचा काळ वा प्रसंग सांगतो. मात्र विटलेल्या कापडाचा मूळ रंग शिवणीच्या आत किंवा अस्तराखाली शोधा.

कम्युनियनची भांडी

कम्युनियन म्हणजे उपासनेत भाकरी आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. इथे आकारच नाव ठरवतो. द्राक्षारसाचा तो प्याला, म्हणजे चॅलिस. त्यावर बसणारी उथळ तबकडी ती पॅटन. झाकण असलेला, लोकांना द्यायच्या भाकरीचा प्याला म्हणजे सिबोरियम. आजाऱ्याकडे भाकरी न्यायची लहान डबी ती पिक्स. काचेमागे भाकरी ठेवून दर्शनाला मांडायचं, पुष्कळदा सूर्यकिरणांसारखं दिसणारं पात्र म्हणजे मॉन्स्ट्रन्स. पाणी आणि द्राक्षारसाच्या लहान सुरया जोडीने येतात; एकीवर ए आणि दुसरीवर व्ही ही रोमन अक्षरं असू शकतात, कारण लॅटिनमध्ये पाणी ‘आक्वा’ आणि द्राक्षारस ‘विनुम’. पुष्कळ प्रॉटेस्टंट चर्चमध्ये एका प्याल्याऐवजी तबकात छोटे पेले मिळतील. ही चाल अमेरिकेत १८९० च्या दशकात रुजली. तिथल्या नोंदीत ‘मिस्सा’ लिहू नका, ‘प्रभुभोजन’ लिहा.

चॅलिसची नोंद अशी दिसावी (मापं नमुन्यादाखल):

‘प्याला, मिस्सेचा. पांढरा धातू, बहुधा चांदी. वाटीला आतून सोन्याचा मुलामा. उंची २३.५ सेंमी, वाटीचा व्यास ८.६, तळाचा १४.२. वाटी घंटेच्या आकाराची, काठ किंचित बाहेर वळलेला. दांड्याच्या मध्यावर नासपतीच्या आकाराची गाठ. तळ गोल, त्यावर ठोकून उठवलेली द्राक्षवेल. दांडा तळाजवळ डाख देऊन जोडलेला. तळाखाली दोन ओळींचा मजकूर, फोटो ४.’

‘चांदीचा पेला १’ आणि हे, दोन्ही शेजारी ठेवून पाहा.

एका वस्तूची दोन कामं असतील तर दोन्ही लिहा. जुन्या गोव्यात सांता मोनिका मठाच्या आवारातल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात पेलिकन पक्ष्याच्या रूपातलं चांदीचं पात्र आहे. ते साक्रारही आहे आणि मॉन्स्ट्रन्सही. आपल्या रक्ताने पिल्लांना जगवणारा पेलिकन हे ख्रिस्ताचं प्रतीक मानलं जातं. ते प्रतीक ‘विषय’ या रकान्यात जाईल, वस्तूच्या नावात नाही.

काळ आणि जागा शेवटी

‘इंडो-पोर्तुगीज’ हा शैलीचा शब्द आहे. वस्तू कुठे बनली याचा तो पुरावा नाही. शैली, ठिकाण आणि काळ हे तीन रकाने वेगळे ठेवा. काळाबाबत ‘लेखावरून’, ‘घडणीवरून’ किंवा ‘घरच्या सांगण्यावरून’ असा आधार जोडा. कोरलेला मजकूर चुकांसकट, ओळी जशा तुटतात तशाच उतरवा.

प्रत्येक नोंदीखाली तारीख आणि लिहिणाऱ्याचं नाव हवं. एक प्रत घरात किंवा चर्चमध्ये आणि दुसरी अन्यत्र ठेवा. वस्तू कुठल्या कपाटात आहे ते मात्र ऑनलाइन टाकू नका.