बर्फाला चिकटणारी प्रथिने: या चुका टाळा

अँटिफ्रीझ प्रथिनांवर, म्हणजे सजीवांच्या शरीरात बर्फाची वाढ रोखणाऱ्या प्रथिनांवर, सेमिनार द्यायचा असो की प्रयोगशाळेत मोजमाप घ्यायचे असो, घोळ बहुधा एकाच समजातून सुरू होतो: ही प्रथिने मिठासारखी विरघळून गोठणबिंदू खाली आणतात. मिठाचे काम कणांच्या संख्येवर चालते, त्यामुळे गोठणबिंदू आणि वितळणबिंदू दोन्ही उतरतात. ही प्रथिने मात्र थेट बर्फाच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात. गोठणबिंदू उतरतो, वितळणबिंदू जवळपास जागचा हलत नाही. हे अंतर म्हणजेच थर्मल हिस्टेरिसिस. अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो साउंडमध्ये उणे १.९ अंश सेल्सिअसच्या पाण्यातही मासे गोठत नाहीत. त्यांच्या रक्तातले हे रेणू १९६० च्या दशकात आर्थर डीव्रीज यांनी शोधले.

बर्फ पुरता झाकला जातो, असेही समजू नका. गादीला टाके घातले की मधला कापूस फुगून वर येतो, तसा दोन रेणूंमधला बर्फ फुगतो. त्या वक्र पृष्ठभागावर नवे पाणी गोठणे अवघड होते आणि वाढ अडते.

सगळ्यात चिवट चूक हायड्रोजन बंधांची, म्हणजे पाण्याचे रेणू एकमेकांना धरतात त्या दुबळ्या बंधांची. जुन्या आकृत्यांत विंटर फ्लाउंडर माशाच्या ३७ अमिनो आम्लांच्या मळसूत्री प्रथिनातले थ्रिओनीन (एक अमिनो आम्ल) बर्फाला फक्त हायड्रोजन बंधांनी धरलेले दिसतात. दर अकराव्या जागी थ्रिओनीन, अंतरही बर्फाच्या जाळीशी जुळणारे, पटण्यासारखेच होते. पण थ्रिओनीनच्या जागी व्हॅलिन घातले, म्हणजे हायड्रोजन बंध करणारा हायड्रॉक्सिल गट काढून पाण्यापासून दूर राहणारा मिथाइल गट ठेवला, तरी काम बरेचसे टिकले. उलट सेरीन घातले, हायड्रॉक्सिल ठेवून मिथाइल काढला, तर ते जवळपास संपले. पुढे २०११ मध्ये अंटार्क्टिकातल्याच एका जिवाणूच्या प्रथिनाच्या रचनेत सपाट बाजूवर बर्फासारखे रांगेत बसलेले पाणी दिसले. हेच पाणी बर्फाच्या जाळीत मिसळते आणि प्रथिन अडकून बसते. आकृतीत हे पाणी दाखवले नसेल तर आकृती अपुरी आहे.

प्रत्येक प्रथिन बर्फाच्या प्रत्येक बाजूला चिकटत नाही. माशांची बरीचशी प्रथिने स्फटिकाचा पायाचा पृष्ठभाग (बेसल प्लेन, षटकोनी स्फटिकाची वरची-खालची सपाट बाजू) मोकळा सोडतात, म्हणून स्फटिक दोन्हीकडून टोकदार होतो आणि तापमान हिस्टेरिसिसच्या मर्यादेखाली गेले की टोकांतून सुसाट वाढतो. कित्येक कीटकांची प्रथिने तो पृष्ठभागही धरतात. ती जास्त प्रभावी असण्याचे हे मोठे कारण.

आता मोजमाप. नमुन्यात आधी बर्फाचा बारीक स्फटिक नसेल तर तुम्ही निव्वळ अतिशीतन (गोठणबिंदूखालीही पाणी द्रव राहणे) मोजताय, त्या आकड्याला अर्थ नाही. बर्फाचे कण एकत्र होऊन मोठे होणे थांबते का हे पाहताना शुद्ध पाणी वापरू नका. त्यात साधी प्रथिनेही परिणाम दाखवतात. साखरेचे किंवा मिठाचे द्रावण घ्या, आणि शेजारी तुलनेसाठी अल्ब्युमिन या साध्या प्रथिनाचा नमुना ठेवा.